चौथी जागा

"चूक दाखवतच नाही हा प्रोग्रॅम," ओस्मार म्हणाला. "लाल अक्षर एक नाही. सगळं सुरळीत. आणि रविवारी मैदानावर आम्ही तिघंच."

झुसाराने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. चर्चच्या सभागृहात गुरुवारी दुपारी ती निवृत्त मंडळींना प्रोग्रॅमिंग शिकवायची. अडुसष्ट वर्षांच्या ओस्मारने लुआ भाषा निवडली होती, कारण ती त्याच्या रिओतच जन्मलेली. परदेशी भाषांवर त्याचा विश्वास नव्हता. आजवर त्याने एकच प्रोग्रॅम लिहिला होता. दर शनिवारी यादीतल्या चौदा जणांच्या फोनवर निरोप जायचा: रविवारी सकाळी आठ वाजता, फुटबॉल, दात आणि बूट विसरू नका. यादीत पहिला ओस्मार स्वतः. त्यालाही निरोप वेळेवर मिळायचा.

"तिघं मिळून खेळता काय?"

"एक मारतो, एक अडवतो, एक पंच. गेल्या रविवारी आम्ही पंचाला लाल कार्ड दिलं."

"मग?"

"दोघं उरलो."

झुसारा यादी वाचत होती. एक, दोन, तीन. चौथ्या जागी नावच नव्हतं. तिथे 'निल' लिहिलं होतं, म्हणजे काहीच नाही.

"इथे कोण होतं?"

"कुणी नाही."

"सेउ ओस्मार." तिने आदराचं 'सेउ' जरा जोरात म्हटलं.

"एराल्दो. गोलकीपर. मार्चमध्ये काढला."

बावीस वर्षं एराल्दो ओस्मारच्या पेनल्टीला मुद्दाम उलट्या बाजूला उडी मारत आला होता. हे अख्ख्या कास्कादुरा वस्तीला ठाऊक होतं, आणि ओस्मारलाही. मार्चमधल्या त्या रविवारी उडी मारतानाच त्याचा पाय घसरला, आणि चेंडू आपण होऊन त्याच्या पोटावर येऊन बसला. लोक हसले. एराल्दोने लगेच माफी मागितली, पण चेंडू पोटाशी धरूनच. ओस्मार घरी गेला आणि बूट न काढता यादी उघडून बसला. तेव्हापासून पाव आणायलाही तो एराल्दोच्या दारावरून न जाता लांबच्या गल्लीने जायचा.

"तुमचा हा लूप, म्हणजे यादीवरून फिरणारा पोस्टमन, एकपासून निघतो," झुसारा म्हणाली. "पहिलं दार, दुसरं, तिसरं. चौथं दार उघडतो तर आत कोणी नाही. त्याला वाटतं, यादी संपली. तो घरी जातो."

"अहो, पुढे दहा जण आहेत."

"त्याला काय माहीत? तुम्ही एकाला काढलंत. त्याने अकरा काढले."

ओस्मारने बोटांवर मोजून पाहिलं. अकराच होत होते.

"मला वाटलं, सगळे त्याच्या बाजूने गेले," तो म्हणाला. "पण मग एकानेही विचारू नये?"

"तुम्ही विचारलंत?"

शेजारच्या टेबलावर एक आजी कीबोर्डवर एकच कळ पुन्हा पुन्हा दाबत होत्या.

"दोन उपाय आहेत," झुसारा म्हणाली. "खालच्या सगळ्यांना एकेक जागा वर सरकवा. पाचवा तो चौथा होईल. नाहीतर लूप बदला. दुसऱ्या प्रकारचा लूप रिकाम्या जागा ओलांडून पुढे जातो."

"आणि ती जागा?"

"राहते. तिथे कोणी थांबत नाही, एवढंच."

ओस्मारने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. 'निल' पुसलं. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, एराल्दोचं नाव लिहिलं. शनिवार दोन दिवसांवर होता, तरी प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर चौदा ओळी उमटल्या. मध्ये कुठेही खळ नाही.

पाच मिनिटांत फोन थरथरायला लागला.

पाचव्याने लिहिलं होतं, 'तुझी बर्फाची पेटी परत आणतोय. एवढ्यासाठी काढायचं होतं का रे?' अकराव्याने लिहिलं होतं, 'वहिनींचा घेवडा खारट होता हे मी मागे घेतो.' दहातल्या नऊ जणांनी आपापला गुन्हा शोधून ठेवला होता. तीन महिने शिक्षाही भोगली होती.

सहाव्याचा निरोप जरा लांब होता. ओस्मारने तो चष्मा लावून वाचला, मग झुसारापुढे धरला.

'येतो. एराल्दोचे हातमोजे माझ्याकडे आहेत. गेल्या महिन्यात तो मनौसला मुलीकडे गेला, कायमचा. जाताना म्हणाला, चौथा कोण झाला असेल त्याला दे.'

"विमानाने चार तास लागतात मनौसला," झुसारा हळूच म्हणाली.

"एराल्दो विमानात बसत नाही. बेलेंपर्यंत बस, पुढे ॲमेझॉन नदीतून बोट. आठ दिवस." ओस्मारने फोन टेबलावर उलटा ठेवला. "वाटेत मला करायला चार वेळा तरी फोन हातात घेतला असेल त्याने."

उलटा फोन पुन्हा एकदा थरथरला. तो त्याने लगेच उचलला नाही. झुसारानेच सरळ केला.

एराल्दो होता.

'आत्ता निघालो तर पुढच्या शुक्रवारी पोचेन. तोवर पेनल्टी मारू नकोस.'