प्लसची लाल वायर

भवानी पेठेतलं मोटार वाइंडिंगचं दुकान आठवडाभर बंद ठेवून अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, माझ्या धाकट्या बहिणीच्या गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलसाठी पॉवर सप्लाय बनवला, शेंगाचटणीच्या स्टीलच्या डब्यात. प्रत्येक पेडलला वेगळं वाइंडिंग. “एकाची खरखर दुसऱ्यात जाणार न्हाय बघ दानू,” ते तिला लाडानं म्हणाले. माझ्या गिटारला त्यांनी ‘भिकेचे डोहाळे’ म्हटलं होतं. मी दारात धुमसत उभा होतो. तेवढ्यात दिसलं, प्लसची लाल वायर पिनेच्या मधोमध जोडली होती. इतर बहुतेक यंत्रांना मधे प्लस लागतं, पेडलला मात्र मायनस. बटण दाबलं की पेडल जळणार. जळू दे की. दानूनं पिन खोचली, बटणावर बोट ठेवलं आणि हसून अप्पांकडे पाहिलं. “थांब!” मीच ओरडलो. “मधे मायनस पाहिजे!” अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. “तुला कसं माहीत रे?” “तुमी विकलेल्या माझ्या पेडलवर लिहिलेलं होतं.”