सव्वानऊची नोंद

प्रिंटर तिसऱ्यांदा अडकला तेव्हा सुदर्शनने त्याला एक थाप मारली. कागद बाहेर आला. त्यावर एकच ओळ कामाची होती, आणि भाग्यश्रीची नोकरी त्या ओळीवर टांगलेली होती.

काल लंडनच्या एका कुरिअर कंपनीचं काम बंद पडलं होतं. पार्सल कुठवर आलंय हे गिऱ्हाइकांना सांगणारी त्यांची सर्व्हिस, म्हणजे सर्व्हरवर अहोरात्र चालणारा प्रोग्रॅम, येरवड्याच्या या ऑफिसातून सांभाळली जायची. ती आपोआप कोलमडली असती तर कुणी फारसं बोललं नसतं. पण सर्व्हर घडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद लॉगमध्ये ठेवतो, आणि लॉग सांगत होता की सर्व्हिस कुणीतरी कमांड देऊन थांबवली. ‘ॲडमिन’ या नावाने, सव्वानऊ वाजता.

ॲडमिन म्हणजे दोघंच, सुदर्शन आणि त्याच्या हाताखालची भाग्यश्री. खातं एक, पासवर्ड एक. वेगवेगळी खाती काढायची हे दर महिन्याला ठरायचं आणि दर महिन्याला राहून जायचं. त्यामुळे चूक कुणाची ते आता फक्त वेळेवरून ठरणार होतं. वारज्याहून ट्रॅफिकला शिव्या घालत येणारा सुदर्शन अकराच्या आत पोहोचल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भाग्यश्री रोज नऊच्या ठोक्याला हजर असायची.

कंपनीचे मालक रणजित साहेब यांना लिनक्समधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घड्याळ कळत होतं.

“यंदाची ही दुसरी चूक,” ते सकाळी म्हणाले होते. “पहिली मी पोटात घातली. आता संध्याकाळपर्यंत मला नाव हवंय. का लंडनला कळवू, आमच्याकडे भूत आहे म्हणून?”

तेव्हापासून सुदर्शनच्या जिवाला स्वस्थता नव्हती. दोनदा चहा मागवला, दोन्ही कप अर्धे राहिले. खुर्चीत बसला की पाय हलायचा, उठला की खिडकीशी जाऊन उभा राहायचा आणि तिथून पुन्हा भाग्यश्रीच्या टेबलाकडे बघायचा. अंबाजोगाईहून आलेली ही मुलगी. जे काही शिकली ते त्याच्या शेजारी बसून शिकली. तिचं नाव द्यायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं.

शेवटी त्याने तिला मीटिंगच्या खोलीत बोलावलं आणि कागद पुढे सरकवला. तिने तो वाचला, स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि पुन्हा वाचला.

“सर, त्या सुमाराला मी लॉगिन केलं होतं, हे खरंय,” ती म्हणाली. “पण फक्त स्टेटस बघितलं. थांबवलं काहीच नाही.”

“स्क्रीनवर दोन खिडक्या शेजारीशेजारी उघड्या असतात,” सुदर्शन हळू आवाजात म्हणाला. “एक टेस्टची, एक खऱ्या सर्व्हरची. टेस्टवरची कमांड चुकून खऱ्यावर पडते. आपल्या लक्षातही येत नाही. कुणाच्याही हातून होतं गं.”

ती स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, सर्व्हिस सकाळीच बंद पडली तर लंडनचा फोन दुपारी तीनला कसा आला? सुदर्शनकडे उत्तर तयार होतं. लंडन आपल्या दुपारी कामाला लागतं, तोवर तिकडे बघायला होतं कोण? हे तिला पटलं. पटल्यावर तिचा चेहरा आणखीच उतरला.

तिला टोचत होती ती वेगळीच गोष्ट. काल जेवणाच्या सुट्टीतच ती हाफ डे टाकून आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. लंडनचा फोन आला तेव्हा जागेवर सुदर्शन एकटाच होता. त्यानेच तो घेतला, त्यानेच सर्व्हिस पुन्हा चालू केली आणि साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

“मी थांबले असते तर निदान मीच निस्तरलं असतं,” ती म्हणाली. “तुमच्या एकट्यावर पडलं सगळं.”

सुदर्शनला तिच्याकडे बघवेना.

“सर, लॉग एकदा स्क्रीनवर बघू?”

“पासवर्ड सकाळीच बदललाय. साहेबांचा हुकूम.”

तिने मान हलवली. ओळखीच्या ठिकाणी शब्द टाकतो, असं तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं. राजीनाम्याचं इंग्रजीही त्यानेच नीट करून दिलं. साहेबांनी कागदावर सही केली, एवढी शिकलेली पोरं आणि एक बटण नीट दाबता येत नाही, असं काहीतरी पुटपुटले आणि लंडनला फोन लावायला वळले.

पर्स खांद्याला लावून भाग्यश्री त्याच्या टेबलाशी आली. “तुम्ही समजून घेतलंत, सर. दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं.”

जिन्यावरचे तिच्या चपलांचे आवाज थांबेपर्यंत सुदर्शन तसाच बसून राहिला. मग त्याचा पाय हलायचा थांबला. सोमवारी तिच्या जागी नवा माणूस येणार होता आणि त्याच्या हातात सगळं नीटनेटकं जायला हवं होतं.

त्याने सर्व्हर उघडला. रविवारी हा नवा सर्व्हर लावताना त्यानेच त्याचं घड्याळ लंडनच्या वेळेवर ठेवलं होतं. ते त्याने पुण्याच्या वेळेवर आणलं आणि कालचा लॉग पुन्हा काढला. ओळ तीच होती, फक्त सव्वानऊच्या जागी आता दुपारचे पावणेतीन होते. ती त्याने एकदा वाचली आणि लॉग पुसून टाकला.