आडनावाचा अर्थ

निघताना शैलाकाकूंनी उपासनाला पुरणपोळ्यांचा स्टीलचा डबा दिला. “माझ्या आईचं नाव आहे त्यावर. आठवणीने परत आण हं.”

मग तिच्या चिनी रूममेटला त्यांनी आडनावाचा अर्थ विचारला.

“लिन म्हणजे जंगल. कोरियात तेच इम, व्हिएतनाममध्ये लाम, जपानमध्ये हायाशी.”

“किती इंटरेस्टिंग! आणि उपासना, तुझं आडनाव काय गं? विचारायचं राहूनच गेलं.”

“गजभिये.”

“अच्छा.” काकू हसल्या. “डबा राहू दे तुलाच. परत नको आणूस.”

बसमध्ये लिनने डब्यावर कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. “हे काय लिहिलंय?”

“काकूंच्या आईचं नाव.”

“आणि तरी त्यांनी तो तुला देऊन टाकला? किती मोठं मन!”