समोरच्याची हरकत

“मॅडम, हक्कसोड म्हणजे काय?”

दर सोमवारी दहावीच्या प्रत्येकानं घरात ऐकलेला एक अवघड शब्द आणायचा, असा निखत मॅडमचा नेम होता. मुलं सगळी भरे, कासार आंबोली या गावांकडची. महिनाभरात मोजणी, बिगरशेती, विसार असे शब्द येऊन गेले होते. आज आरोहीनं हा आणला.

“वडिलोपार्जित जमिनीतला आपला वाटा दुसऱ्या वारसाला सोडून देणं,” निखत म्हणाली. “त्याचा कागद होतो. तो नोंदवला की वाटा गेला.”

“परत मिळत न्हाई?”

“सहज नाही.”

आरोहीनं ते वहीत उतरवून घेतलं.

मधल्या सुट्टीत ती एकटीच शिक्षकांच्या खोलीत आली. त्या आठवड्यात वैचारिक निबंध चालू होता. पहिल्याच परिच्छेदात एक ठाम वाक्य हवं, असं निखतनं सांगितलं होतं. ज्याला कुणीतरी नाही म्हणू शकेल आणि जे आपण कारणं देऊन पटवू शकू, असं.

“घरातल्या गोष्टीवर लिहिलं तर चालंल?”

“कुठल्या?”

“आजोबा गेले तसं सातबाऱ्यावर पप्पांचं आणि साळूआत्याचं नाव लागलंय. शुक्रवारी पौडला कागद करायचा म्हणतायत पप्पा. आत्या सही करत न्हाई. चार दिवस घरात कुणी धड जेवलं न्हाई, मॅडम.”

साळूबाई निखतला माहीत होत्या. नवरा वारल्यावर भावाकडे आलेल्या. शाळेच्या पालकसभेला आरोहीच्या आईऐवजी त्याच यायच्या.

“आणि तुझं काय म्हणणं?”

“तेच लिहायचंय.”

निखतनं दाराकडे पाहिलं. जमिनीच्या भानगडीत पडायचं नाही, असं मुख्याध्यापकांनी जूनमध्येच बजावलं होतं. तिची नेमणूक वर्षावर्षाची होती. आरोहीच्या वडिलांचं, विश्रामचं, गावात वजन होतं. पण पोर वही घेऊन समोर उभी होती.

“बस,” ती म्हणाली.

आरोहीनं एक वाक्य लिहून आणलं होतं, पण ते दाखवायला ती तयार नव्हती. निखतनंही ओढून घेतलं नाही. “दोन कारणं लिहिलीस?”

“तीन.”

“आता समोरच्याची सगळ्यात जड हरकत लिही. आपल्याला सोयीची नाही, खरी. आणि तिला उत्तर दे.”

“समोरच्या माणसाला भीती वाटत असंल तर?”

“कसली?”

“एकटं पडायची.”

विश्रामसारख्या आडदांड माणसालाही तसं वाटत असेल, हे निखतच्या कधी मनात आलं नव्हतं. तिला पोरीचं कौतुक वाटलं. “मग आधी त्या भीतीबद्दल बोल. माणसाला ऐकून घेतलंय असं वाटलं, की तो आपलंही ऐकतो.”

“आणि हट्ट म्हणायचं नसंल तर? मऊ शब्द?”

“आग्रह.”

बुधवारी आरोही पुन्हा आली. दोन हरकती मिटल्या होत्या, एक राहिली होती. गुरुवारी ती फक्त “उद्या कळंल” एवढंच म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते.

“घरी कुणी काही म्हणालं का? मारलं का?”

“न्हाई मॅडम.” ती पटकन वळून वर्गात गेली.

शुक्रवारी हजेरी घेताना आरोहीचं नाव आलं आणि कुणी ‘हजर’ म्हटलं नाही. निखतनं तिच्या घरचा नंबर लावला. बंद. दुसऱ्या तासाला फळ्यावर तिनं एकच शब्द दोनदा चुकीचा लिहिला. शेवटच्या बाकावरच्या गौतमीनं सांगितलं, “मॅडम, आरोहीला पप्पांनी सकाळीच गाडीत बसवून नेलं. आत्यालापण.”

आपण तिला वाक्यं दिली, पण ती बोलून झाल्यावर काय होईल हे सांगितलं नाही. बापासमोर उभं केलं आणि आपण मात्र शाळेत बसलो. तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तेव्हा “घरचं काम” म्हणाली आणि स्कूटर काढली.

पौडच्या रस्त्यावर एका डंपरमागे तिला दहा मिनिटं अडकून पडावं लागलं. ती हॉर्न वाजवत राहिली. विश्राम ओरडला तर काय बोलायचं, हे ती मनात जुळवत होती. नोकरी गेली तर जाऊ दे, असंही एकदा मनात म्हणून झालं.

नोंदणी कार्यालयाबाहेर गर्दी होती. भिंतीलगतच्या बाकावर तिघं बसली होती. विश्राम, साळूबाई आणि मध्ये आरोही. निखतनं आधी पोरीचा चेहरा पाहिला, मग हात. कुठं वळ नव्हता.

“मॅडम, तुमी हितं?” विश्राम उठून उभा राहिला.

“मला साळूबाईंशी बोलायचंय.” निखत साळूबाईंकडे वळली. “आत्या, मनात नसेल तर सही करू नका. तुमच्यावर कुणी जबरदस्ती करू शकत नाही. ही पोर तुमच्यासाठी किती दिवस झटतेय, मी पाहिलंय. तिला एकटं पाडू नका.”

आरोही सरकून बसली आणि निखतसाठी बाकावर जागा केली. तिच्या चेहऱ्यावर पेपर चांगला गेल्यासारखं हसू होतं.

साळूबाईंनी निखतचा हात दोन्ही हातांत घेतला.

“जबरदस्ती कसली, बाई? दादाला चार दिवस मी न्हाईच म्हनत हुते. पर ह्या पोरीनं जवळ बसून माझी एकेक शंका फेडली, तवा कुटं पटलं. मगाशीच सही करून आले. लई ग्वाड शिकवलंत तुमी तिला.”