घरी सोडलं

कोविड वॉर्डात कुणी दगावलं, तर बाकीच्या पेशंटांनी धीर सोडू नये म्हणून मेट्रन रेश्माताईंनी नर्सेसना ताकीदच दिली होती, "‘गेले’ म्हणायचं नाही. कुणी विचारलं तर ‘घरी सोडलं’ म्हणून सांगायचं."

आज मीटिंग आटोपून त्या वॉर्डात आल्या, तर त्यांच्या नवऱ्याची कॉट रिकामी. शेजारच्या कॉटवरचे आप्पासो खुशीत उठून बसले.

"आवं मॅडम, तुमच्या मालकास्नी घरी सोडलं की! माजा जरा डोळा लागला हुता, उटल्यावर नर्स पोरींनी सांगितलं. लय ब्येस झालं."

रेश्माताई हसल्या, आणि हसता हसताच गोंधळल्या. खरंच सोडलं असेल? सोनम सिस्टर पाठमोरी होऊन चादर काढत होती.

त्यांनी खिसा चाचपला. कडेगावच्या त्या दोघांच्याच घराची एकुलती एक किल्ली तिथंच होती.