जर्दाळूला पांघरूण

"टोक जमिनीला टेकू दे," बागवान शिडीवरून ओरडला. "खालून गारठा शिरला की सगळी मेहनत पाण्यात!"

बायकोने कापड खाली ओढून त्यावर दगड ठेवला. जर्दाळूची झाडं फुलांनी नुसती लगडली होती, आणि पहाटे दव गोठणार असं रेडिओवर दोनदा सांगून झालं होतं. ओली माती ऊब धरून ठेवते म्हणून दोघांनी दुपारीच झाडांभोवतीची आळी भिजवली होती. आता ऊन वर येईपर्यंत कापडं हलवायची नव्हती.

फोन वाजला. परदेशातली लेक. बायकोने स्पीकर लावला.

"आई, डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख दिली. ऐन उन्हाळ्यात. दोघंही याल ना?"

"ऐन तोडणीत?" बागवान वरूनच म्हणाला. "फळ झाडावर टाकून कोण येणार? आईला पाठवतो."

"तुम्हाला एकटं सोडून ती यायची नाही, बाबा."

"मग राहू दे यंदा."

"झाडांवर नीट पांघरूण घाला हं," लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

लेकीला डोळे भरून पाहिल्याला वर्षं लोटली होती. तिचे केस विंचरावेत, तिला गरम गरम वाढावं, असं बायकोला हल्ली भाजी चिरता चिरताही वाटायचं.

जेवताना तिने विचारलं, "अहो, यंदा फळ धरलंच नाही तर?"

"काहीतरी अभद्र बोलू नकोस," म्हणत तो ताटावरून उठला.

पहाटे अंधारातच ती उठली. दिवा न लावता, त्याच्या खाटेकडे न बघता, पावलं न वाजवता बाहेर आली. गवत पायाखाली करकरत होतं. दगड सरकवले, तर कापडं वाऱ्याने उडाली असं सांगता येईल.

पहिल्याच झाडापाशी ती वाकली. कापड किंचित वर झालं आणि फुलांचा वास आला. ही रोपं त्याने पोरासारखी वाढवली होती. तिचा हात पुढे होईना. डोळे पुसून तिने त्या दगडावर आणखी एक दगड ठेवला आणि ती मागे वळली.

पलीकडची अख्खी ओळ उघडी पडली होती. कापडांचा ढीग कडेला टाकून बागवान तिच्याकडेच येत होता.

"आलीच आहेस तर तेवढे दगड काढ," तो म्हणाला. "मला आता वाकवत नाही."