पांढऱ्या पिंपातली गोटी

लाल पिंपातल्या गोट्यांनी मोजणीच्या फळीची दोनशे भोकं भरली, तेव्हा दुतोकुंड्याच्या शाळेच्या पटांगणात टाळ्या पडल्या. वर आणखी एकतीस निघाल्या. मतदान झालं होतं दोनशे बत्तीस. बेरीज ज्याची त्यानं मनातल्या मनात केली आणि टाळ्या थांबल्या.

आमच्या गांबियात मताला कागद नसतो. हातात एक गोटी देतात, ती पडद्यामागं जाऊन हव्या त्या रंगाच्या पिंपात सोडायची. आत एकदा घंटी वाजते, ती बाहेर सगळ्यांना ऐकू येते, पण पिंप कुठलं ते कळत नाही. त्या दिवशी गावात सायकलसुद्धा चालवू देत नाहीत, तिच्या घंटीनं घोटाळा नको म्हणून. याला गुप्त मतदान म्हणायचं. आणि मोजायचं मात्र तिथंच, गावाच्या डोळ्यांसमोर.

अधिकाऱ्यानं पांढरं पिंप उपडं केलं. गोटी पडल्याचा आवाज होऊ नये म्हणून तळाशी घातलेला भुसा पडला, त्याच्यामागून एक गोटी पडली.

 सगळं पटांगण तेनेंगकडे बघायला लागलं. तिचा मुलगा यांकुबा पांढरा सदरा घालून विरोधी पक्षाच्या सभेला गेला होता, तो चौदा महिने झाले तुरुंगात होता. खटला नाही, भेट नाही. मग पांढरी गोटी दुसऱ्या कुणाची असणार?

"तेनेंग," अल्कालो सांकुंग म्हणाला. अल्कालो म्हणजे गावचा प्रमुख. दुतोकुंड्यातून दुसऱ्या रंगाची एकही गोटी निघणार नाही, असा शब्द तो वरच्या साहेबाला देऊन बसला होता. "तेनेंग, एवढा एक दिवस तुला कळ काढवली नाही?"

"मी लालमध्येच टाकली, अल्कालो. पोराची शपथ."

"पोराला मध्ये आणू नकोस गं," मागून कुणीतरी म्हणालं. "त्याचं आधीच काय कमी झालंय?"

दोघं-तिघं हसले.

"कुराण आणा. हात ठेवून सांगते."

"म्हणजे आमच्यातल्याच कुणीतरी टाकली म्हणायची?" मशिदीजवळ राहणारा शिंपी तावातावानं पुढं आला. "अख्खं गाव खोटं, आणि तू एकटी खरी?"

ती खरीच होती. आठवड्यापूर्वी अल्कालोनं तिला घरी बोलावून हातावर कोलाचं फळ ठेवलं होतं. कोला दिला म्हणजे शब्द दिला. पांढरं पिंप रिकामं निघालं, तर तबास्कीच्या सणाला यांकुबा घरी, असं तो म्हणाला होता. ब्र काढायचा नाही, अशी ताकीदही दिली होती. "सवतीपाशी तर मुळीच नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही." तेनेंगनं जीभ आवरली. पडद्यामागं गेल्यावर पांढऱ्या पिंपाकडे तिला बघवेना. त्याच रंगापायी पोरगा आत होता आणि आज त्याची आईच लालमध्ये गोटी सोडत होती. तिला स्वतःची किळस आली. पण पोटच्या पोरासाठी माणूस काय गिळत नाही?

अल्कालोचा फोन वाजला.

"होय साहेब. दोनशे एकतीस... नाही, एक निघाली. एकच... हो, कळलंय कुणाची." मग पलीकडचं ऐकून तो म्हणाला, "बरोबर आहे साहेब. आता त्या मुलाचं नाव मी कुठल्या तोंडानं काढू?"

शेवटचं वाक्य गावाला कळलं नाही. तेनेंग तिथंच मातीत बसली. अल्कालो तसा वाईट माणूस नव्हता. पण फोन खिशात टाकून तो निघाला, तो तिच्याकडे न बघताच.

पुढं रेडिओवर निकाल लागला. लाल उमेदवार नऊ हजार मतांनी निवडून आला होता. दुतोकुंड्याच्या सगळ्या गोट्या नदीत फेकल्या असत्या, तरी तोच खासदार झाला असता. तरुण मंडळी नाचत रस्त्याकडे गेली. जाता जाता एकीनं तेनेंगच्या अंगावर मूठभर भुसा टाकला.

तिला उठवायला आली ती मुसुकेबा, तिची थोरली सवत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तरी दोघींची चूल अजून वेगळी आणि भांडण मात्र एकत्र. मुसुकेबानं तिला दंडाला धरून उभं केलं, लुगड्यावरचा भुसा झटकला आणि शाळेच्या भिंतीआड नेलं.

"अक्का, तू तरी विश्वास ठेव. मी नाही गं टाकली."

"ठाऊक आहे. मी टाकली."

तेनेंग बघतच राहिली.

"बघतेस काय अशी? यांकुबा काय एकट्या तुझाच आहे? माझ्या पाठीवर वाढलाय तो." मुसुकेबा इकडेतिकडे बघून आणखी हळू बोलायला लागली. "तू पांढऱ्यातच टाकणार, हे सांगायला कशाला हवं? म्हटलं, एकच निघाली तर ही मेली धरली जाईल. दोन निघाल्या, तर दुसरी कुणाची ते गावाला जन्मभर कळणार नाही. एकमेकांवरच संशय घेत बसतील."

 तेनेंगच्या तोंडाकडे बघता बघता तिची पकड सैल झाली.

"दोन निघायला हव्या होत्या, तेनेंग. तुझी कुठं गेली?"